नोंदी शोधणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचे वर्णन : तंत्रयुक्तींच्या आधारे विचार

रुग्णपत्रिका, औषधसाठा व विक्री यांच्या नोंदी आता अनेक चिकित्सालयांत व औषधालयांत संगणकावर ठेवल्या जातात. या नोंदींतून हवी ती माहिती शोधून देणारे एआय एजंटही उपलब्ध झाले आहेत. अशा व्यवस्थेची जोडणी संगणकतज्ज्ञ करतो हे खरे. तथापि त्यातील एक काम वैद्याने व औषधालयचालकाने स्वतः लक्ष घालून करावयाचे आहे. ते म्हणजे टूलचे वर्णन लिहिणे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

एजंटला काय दिसते?

एजंटच्या हाती काही टूल्स दिलेली असतात. एक रुग्णपत्रिका शोधते, दुसरे औषधसाठा पाहते. प्रश्न आला की कोणते टूल वापरावे व त्यात काय भरावे, हे एजंट ठरवितो. टूलच्या आतील रचना त्याला दिसत नाही. दिसते ते टूलचे नाव, वर्णन आणि भरावयाच्या माहितीची यादी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने खुल्या केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही टूलची ओळख मुख्यतः याच गोष्टींनी करून दिली जाते. वर्णन संदिग्ध असल्यास एजंट भलत्याच वहीत शोध घेतो आणि तरीही निःशंक भाषेत उत्तर देतो. चिकित्सेत याचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात.

शास्त्रवचनाचा अर्थ निःसंदिग्ध व्हावा म्हणून चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांपैकी पाच या कामी विशेष उपयोगी पडतात.

१) अधिकरण : कोणत्या विषयास धरून विवेचन आहे ते. ‘रुग्णाची माहिती शोधते’ हे वर्णन अपुरे होय. कोणती वही, कोणत्या दिनांकापासूनच्या नोंदी, हे स्पष्ट लिहावे. जुन्या नोंदी कागदी वह्यांत असतील, तर तसाही उल्लेख करावा.

२) प्रयोजन : टूल कशासाठी वापरावे ते. ‘साठा दाखवते’ यापेक्षा ‘एखाद्या कल्पाचा शिल्लक साठा, बॅच क्रमांक व वापराची अंतिम तारीख विचारल्यास वापरावे’ हे वाक्य एजंटला योग्य निवड करण्यास साहाय्य करते.

३) अपवर्ग : सामान्य विधानातून अपवाद वगळणे. दोन टूल्सची कामे एकमेकांजवळची असतील, तेथे ‘यासाठी वापरू नये, त्याऐवजी अमुक टूल वापरावे’ असे दोहोंच्याही वर्णनात लिहावे.

४) निर्देश : संक्षेपाने सांगितलेल्याचे सविस्तर विवरण. भरावयाच्या प्रत्येक माहितीचे स्वरूप सांगावे. दिनांक ०५/०६ असा लिहिल्यास ५ जून की ६ मे, हा प्रश्न उरतो. द्रव्यनामांत तर अधिकच दक्षता हवी. ‘अमृता’ हा गुडूचीचा पर्याय आहे, तसेच ते हरीतकीच्या एका प्रकाराचेही नाव आहे. ‘ब्राह्मी’ म्हणून कोठे जलब्राह्मी, तर कोठे मंडूकपर्णी दिली जाते. आपल्या नोंदींत कोणते नाव कोणत्या द्रव्यासाठी योजले आहे, हे वर्णनात सांगावे आणि नाव संदिग्ध असल्यास शोध घेण्यापूर्वी विचारणा करावी, अशी सूचना द्यावी.

५) वाक्यशेष : वाक्यात अनुच्चारित राहिलेले पद संदर्भाने पूर्ण करून घेणे. जुना कंपाउंडर हे अनुभवाने करतो. एजंटही रिकामी जागा भरतो. परंतु आपल्या चिकित्सालयाची रीत त्याला ठाऊक नसल्याने तो केवळ तर्क असतो. म्हणून टूलच्या वर्णनात वाक्यशेष ठेवू नये.

सर्वांत घातक वाक्यशेष म्हणजे रिकामे उत्तर. भल्लातकाने पूर्वी अंगावर पुरळ व दाह झालेल्या रुग्णाची ती नोंद संगणकावर चढलीच नसेल, तर शोधाअंती काहीच मिळणार नाही. ‘नोंद नाही’ याचा अर्थ एजंटने ‘त्रास नाही’ असा केल्यास तोच कल्प पुन्हा दिला जाण्याचा संभव आहे. त्रास नसल्याची नोंद आहे, नोंदच सापडली नाही, आणि शोध तांत्रिक कारणाने अपुरा राहिला, ही तीन उत्तरे टूलने वेगळी द्यावीत व वर्णनात त्यांचे अर्थ लिहावेत.

वर्णनाचा नमुना

“रुग्णाला पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला, याची ‘औषध-असात्म्य’ वहीतील नोंद शोधते. रुग्णास एखादे औषध चालेल का, असे विचारल्यास वापरावे. निदान वा मागील चिकित्सा पाहण्यासाठी वापरू नये. त्यासाठी ‘रुग्णपत्रिका शोध’ वापरावे. नोंदणी क्रमांक आवश्यक. केवळ नावावरून शोधू नये. नोंदी १ एप्रिल २०१९ पासूनच्या आहेत. नोंद न सापडल्यास तसेच सांगावे व रुग्णास विचारण्याची सूचना द्यावी. ‘त्रास नाही’ असे म्हणू नये. हे टूल केवळ वाचते, नोंदीत बदल करीत नाही.”

परीक्षण

वर्णन लिहून झाल्यावर ते प्रथम नव्या सहायकास वाचावयास द्यावे. त्याला जे विचारावे लागेल, ते वर्णनात राहून गेले आहे असे समजावे. त्यानंतर ज्यांची उत्तरे आपणांस आधीच ठाऊक आहेत असे दहा-बारा प्रश्न एजंटला विचारावेत. समान नावाचे दोन रुग्ण, पर्यायी द्रव्यनाम आणि नोंद नसलेला रुग्ण यांचा त्यांत अवश्य समावेश करावा. एजंटने कोणते टूल निवडले व त्यात काय भरले, हेही तपासावे. कारण उत्तर योगायोगाने बरोबर येऊ शकते. वहीची रचना बदलल्यास वर्णन त्याच दिवशी सुधारावे.

वर्णन कितीही निर्दोष असले, तरी एजंटचे उत्तर हे नोंदीचे उत्तर होय. रुग्णाची प्रश्नपरीक्षा वैद्यानेच करावयाची आहे.