आधी हवेची वाट, मग पंखा

चिमणी घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा सक्शन सांगतो. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा ताशी १४०० घनमीटरची चिमणी बसली. तरीही मिरचीची फोडणी पडली की आतल्या खोलीत आईला ठसका लागायचा, आणि आवाज इतका की ओट्यापाशी बोललेलं ऐकू येत नसे.

फॉल्स सीलिंग उघडल्यावर कारण कळलं. चिमणीचं तोंड सहा इंची होतं, पण फिटरने पाइप भिंतीतल्या जुन्या चार इंची भोकात कोंबला होता. लवचीक ॲल्युमिनियमचा पाइप ताणलेलाही नव्हता. वाटेत तीन वळणं, आणि चुण्याचुण्यांत तेलाचा पिवळा, चिकट थर.

सहा इंची पाइपाचं तोंड चार इंचीच्या सव्वादोन पट मोठं असतं. तेवढीच हवा चार इंचातून न्यायची तर वेग सव्वादोन पट आणि अडथळा पाच पटींहून जास्त वाढतो. मग पंखा नुसता ओरडतो, हवा मात्र जागची हलत नाही. खोक्यावरचा मोठा आकडा पाइप न जोडता काढलेला असू शकतो. पाइप आणि वळणं जोडल्यावर किती उरतं, हे विचारायला हवं.

खरी गरज घरीच काढता येते. १० बाय ८ फुटांचं, ९ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे सुमारे २० घनमीटर हवा. आपल्या फोडणी-तळणीसाठी ती तासाला १५ ते २० वेळा बदलावी असं धरलं, तर ताशी ३०० ते ४०० घनमीटर पुरतात. सरळ, गुळगुळीत, सहा इंची पाइप असेल तर मध्यम पंखाही हे काम करतो. बाहेरच्या तोंडाला झडप आणि जाळी हवीच, नाहीतर कबुतरं घरटं करतात.

दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते, तेवढी घरात कुठून तरी यावीच लागते. एसीसाठी स्लायडिंग खिडक्या घट्ट लावलेल्या असल्या की ती मिळेल त्या फटीतून ओढली जाते. चिमणी चालू ठेवून आम्ही बाथरूमच्या दाराखाली उदबत्ती धरली, तर धूर सरळ घरात वळला. त्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता. म्हणजे त्याचा जळका वायूही त्याच वाटेने घरात येऊ शकला असता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अनेकदा माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळतही नाही. आम्ही तो गीझर तिथून काढून टाकला. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही काढा, आणि चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवा.

उरलेल्या घराचाही हिशेब करा. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवून थंड करतो, ताजी आणत नाही. ॲश्रे ६२.२ या अमेरिकी मानकाचं सूत्र सोपं आहे: क्षेत्रफळाच्या दर चौरस फुटाला ०.०३, आणि बेडरूमच्या संख्येत एक मिळवून त्याला ७.५ ने गुणायचं; बेरीज म्हणजे मिनिटाला लागणारे घनफूट. ८०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घराला हे ४६.५, म्हणजे ताशी सुमारे ८० घनमीटर. बाथरूमचा चांगला एक्झॉस्ट एवढी हवा सहज काढतो. मात्र बेडरूममध्ये बाहेरची हवा यायला झरोका हवा आणि दारांखाली सेंटीमीटरभर फट हवी, म्हणजे हवा बेडरूममधून बाथरूमकडे वाहील.

म्हणून क्रम असा ठेवा: हवा कुठून येणार, कुठून जाणार, किती लागणार, पाइप केवढा. हे कागदावर काढून ठेकेदाराची सही घ्या. पंख्याचं मॉडेल त्यानंतर ठरवा. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी पाइप स्वतः डोळ्यांनी पाहा, आणि सगळं चालू करून धूर कुठे जातो हे तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.