क्रेनच्या ट्रकवरचं काम : आधी समजून घेऊ, मग कर्जाचं बघू



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. एका ताईंनी मुलासाठी अंतर्गत कर्ज मागितलं. मुलगा टेम्पो चालवतो, आता त्याला क्रेन बसवलेल्या ट्रकवर जायचंय, तिथे पगार बरा मिळतो म्हणे. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. समाजकार्याच्या शिक्षणात हा विषय कुठे आलाच नव्हता! मग शेजारच्या गावात डीपी बसवायला असा ट्रक आला होता, त्यावरच्या ड्रायव्हर दादांजवळ दोन दुपारी बसले आणि वहीत लिहून घेतलं. तोच आजचा पाठ.

हा ट्रक म्हणजे हायड्रा नव्हे. नेहमीच्या ट्रकला केबिन आणि हौद्याच्या मधे घडी घातलेला लोखंडी हात असतो, त्याला बूम म्हणतात. ट्रकच्या इंजिनाच्या जोरावर तेलाचा पंप चालतो आणि तेलाच्या दाबानं तो हात वर-खाली होतो. माल चढवायचा, गाडी चालवत न्यायची, उतरवायचा, सगळं एकच माणूस करतो. म्हणजे दोन कामं आणि दोन जबाबदाऱ्या.

आता मुख्य गोष्ट. क्रेनवर ‘५ टन’ लिहिलेलं असलं तरी ती कुठेही ५ टन उचलत नाही. पाण्याची भरलेली घागर आपण कमरेवर घेऊन लांबवर चालतो. तीच घागर हात समोर लांब करून धरा बरं. घागर तीच, पाणी तेवढंच, पण हात थरथरतो. क्रेनचंही तसंच आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची, म्हणजे २० गोण्यांचा एक टन. जी क्रेन २ मीटरवर १०० गोण्या, म्हणजे ५ टन उचलते, ती ४ मीटरवर ५० आणि ८ मीटरवर जेमतेम २५ गोण्या उचलेल. खरं तर त्याहूनही कमी, कारण लांब केलेल्या हाताचं स्वतःचं वजनही असतंच. किती लांबीवर किती वजन, याचा तक्ता क्रेनवरच लावलेला असतो. तो वाचता येणं हे या कामातलं पहिलं शिक्षण. उचलायच्या वस्तूचं वजनही विचारून घ्यायचं. हजार लिटरची टाकी रिकामी असेल तर हलकी, पण भरलेली असेल तर नुसतं पाणीच एक टन.

दुसरी गोष्ट जमिनीची. उचलण्याआधी ट्रकच्या बाजूचे पाय बाहेर काढून खाली टेकवतात, त्यांना जॅक म्हणतात. आपल्याकडची काळी माती पाऊस पडल्यावर कशी असते ते मी सांगायला नको. त्यात जॅक रुतला की ट्रक कलंडलाच. म्हणून जॅकखाली जाड फळ्या किंवा लाकडी ठोकळे घालतात. विहिरीचा काठ, नुकताच बुजवलेला चर, गटाराचं झाकण, अशा जागी जॅक टेकवायचाच नाही.

पट्ट्याचं गणित मला सगळ्यात उशिरा कळलं. वाळत घालायची दोरी एकदम ताणून बांधा आणि त्यावर ओली गोधडी टाका. खिळा उपटून येतो. दोरी सैल असेल तर येत नाही. एकाच हुकातून दोन पट्टे दोन बाजूंना फाकवून बांधले की असंच होतं. जितके जास्त फाकवाल तितका प्रत्येक पट्ट्यावर ताण जास्त. दोन पट्ट्यांमधला कोन १२० अंशांचा झाला तर दोन्ही पट्टे मिळून नाही, प्रत्येक पट्टा पूर्ण वजनाएवढा ताण सोसतो!

आणि विजेच्या तारा. हात तारेला लागला तर सगळा ट्रक जिवंत होतो. ड्रायव्हर केबिनमध्ये असेल तर त्यानं आतच बसून राहायचं. खाली उभं राहून लिव्हर चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त धोका असतो, म्हणून तारांजवळचं काम वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच करायचं. हे आपल्यालाही उपयोगाचं आहे. गावात असं काही घडलं तर कुणालाही ओढायला धावू नका, ट्रकला हात लावू नका, आधी महावितरणला फोन करून वीज बंद करून घ्या. एरवीसुद्धा टांगलेल्या वजनाखालून पोरं जाऊ देऊ नका. गंमत बघायला गर्दी होतेच आपल्याकडे.

दादांना विचारलं, यात अवघड काय? ते म्हणाले, “लिव्हर ओढणं सोपं आहे हो. नाही म्हणणं अवघड.” ठेकेदार म्हणतो, थोडंसंच जास्त आहे, उचल, नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघतो. एकदा अशाच वेळी त्यांच्या ट्रकचा पलीकडचा जॅक जमिनीवरून सुटला होता. त्यांनी माल तिथेच खाली ठेवला. त्या दिवसाची मजुरी मिळाली नाही. घरी काय सांगितलं, असं मी विचारलं, तर ते नुसते हसले. मला वाटतं, घरच्यांना हे सगळं माहीत असेल तर त्या दिवशी रिकाम्या हातानं येणाऱ्या माणसाला बोलणी बसणार नाहीत.

आता लायसन्स. व्यावसायिक वाहनासाठी वय २० पूर्ण लागतं, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं, शिवाय डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. मुलगी चालेल का, असं एकीनं विचारलं. कायद्यात बाई-पुरुष असा फरक नाही, आणि वजन तेलाचा दाब उचलतो, दंड नव्हे. पण हे लायसन्स गाडी चालवण्याचं झालं. क्रेनचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.

त्या ताईंनी हे ऐकलं आणि फॉर्म भरण्याआधी मुलाच्या होणाऱ्या मालकाला स्वतः फोन लावला. क्रेनवर हात किती दिवस बसवून घेणार, असं विचारलं. तो म्हणाला, “ते साइटवर आपोआप येतं.” ताईंनी फोन ठेवला. कर्जाचा अर्ज अजून त्यांच्या पिशवीतच आहे. क्रेनचं रीतसर शिक्षण कुठे मिळतं, त्याची चौकशी आम्ही दोघी मिळून करतोय. पुढच्या बैठकीत मी ती यादी आणते. तुमच्या घरातलं कुणी या कामावर असेल तर त्यालाही विचारून या, त्याच्या क्रेनवर तो तक्ता लावलेला आहे का.