न दिसलेले वाघ मोजणारी माणसं

"पोरगी गणितात हुशार आहे, आणि म्हणते जंगलात काम करायचंय. तिथं गणित कशाला लागतं, सर?" चंद्रपूरकडच्या एका वडिलांचा प्रश्न. पोरगी शेजारी मान खाली घालून बसलेली.

गणित कशाला लागतं, ते एका तळ्यावरून बघा. तळं न उपसता त्यात मासे किती, हे कसं सांगाल? 50 मासे धरा, खूण करून सोडा. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाका. 40 आले, त्यांत खुणेचे 10. म्हणजे चारांत एक खुणेचा, तर तळ्यात साधारण 200. वाघाला तर खूणही करावी लागत नाही, पट्टे त्याचे त्याच्याकडेच असतात, जंगलात लावलेले कॅमेरे ते टिपतात. फक्त डाव्या कुशीचे पट्टे उजवीशी जुळत नाहीत, म्हणून हे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात.

पूर्वी पंजाच्या ठशांवरून मोजणी व्हायची. कागदावर वाघ होते, आणि 2005 मध्ये राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात एकही उरला नसल्याचं उघड झालं. वाघांचे अभ्यासक उल्हास कारंतांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात 1990 च्या दशकातच कॅमेऱ्याची पद्धत वापरली होती. 2022 च्या गणनेत कॅमेऱ्यांनी 3080 वेगवेगळे वाघ टिपले, पण देशाचा अंदाज आला 3682. वरचे सहाशे हिशेबाने आले. तो हिशेब करणारी माणसं कमी आहेत.

वाट अशी: बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घ्या, 'आर' ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली शिका, मग देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधनकेंद्र. प्राणिशास्त्रच हवं असं नाही. भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही संख्याशास्त्राचा पदवीधर बसू शकतो, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.

पगाराचं स्पष्टच सांगतो. सुरुवातीची कामं बहुधा प्रकल्पावरची, कंत्राटी. मुदत संपली की पुन्हा शोधाशोध. पण संख्याशास्त्र बँका आणि औषध कंपन्यांनाही लागतो, त्यामुळे पोरगी उपाशी राहणार नाही. माझ्या मते इतका आधार पुरेसा आहे.

निर्णयाआधी एक करा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजायला स्वयंसेवक घेतात, तिथे तिला मचाणावर बसू द्या. एकच सांबर दोनदा पाण्यावर आलं तर एक लिहायचं की दोन, हा प्रश्न तिला झोपू देत नसेल, तर प्रवेशअर्ज भरा.