परसातली भाजी आणि तिचे चोर



घरामागे न्हाणीचे पाणी जाते. त्या ओलीवर आपण चार वांगी, थोडी भेंडी, वालाचा एखादा वेल लावतो. रोजची भाजी घरची होते. पण चार पाने फुटली की चोर येतात. कोणी पान खातो, कोणी रस पितो, कोणी फळात शिरतो. मग आपण म्हणतो, "औषध मारायला पाहिजे."

या 'औषधा'ची एक गोष्ट आधी सांगतो. ती माझ्याच घरची आहे.

मी तेव्हा शाळेत गुरुजी होतो. आमच्या वालाच्या वेलावर मावा पडला. शेजारी कपाशीवर फवारायची बाटली होती. तिच्यातले थोडे मागून आणले आणि वेलावर मारले. दुसऱ्या दिवशी माझ्या पाच वर्षांच्या मुलीने खेळता खेळता कोवळ्या शेंगा तोडून खाल्ल्या. थोड्याच वेळात तिला घाम फुटला, उलट्या झाल्या, तोंडातून लाळ गळू लागली. तिला उचलून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. बाटलीही बरोबर घेतली. डॉक्टर म्हणाले, "बाटली आणलीत ते बरं केलंत गुरुजी. कोणतं विष ते लगेच कळलं." पोर वाचली. पण ते तीन दिवस मी विसरलो नाही.

बाटलीवर सगळे लिहिलेले होते. मला वाचता येत होते. तरी मी वाचले नव्हते!

म्हणून ध्यानात धरा. आपण औषध म्हणतो, पण ते विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. मोनोक्रोटोफॉस नावाचे विष भाजीवर वापरायला सरकारने २००५ सालीच बंदी केली. कपाशीची बाटली भाजीला कधीही लावू नये.

मग काय करावे? आधी चोर ओळखावा.

मावा. हे बारीक हिरवे किंवा काळे किडे कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतात आणि रस पितात. पान वळते, चिकट होते. तो गोड चिकटा खायला मुंग्या येतात आणि माव्याची राखण करतात. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोराने धुऊन काढा. फार झाला असेल तर शेंडा खुडून टाका.

वांग्यातली अळी. वांग्याचा शेंडा मान टाकतो. तो चिरून पाहा, आत गुलाबीसर अळी दिसेल. ती आत असते, म्हणून वरून फवारून मरत नाही. सुकलेला शेंडा थोडा खालून कापा. किडकी वांगीही तोडा. ती उकिरड्यावर टाकू नका, जाळा.

भेंडीचा हळद्या. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. हा रोग पांढरी माशी पसरवते. असे झाड बरे होत नाही. ते उपटून जाळा, म्हणजे बाकीची झाडे वाचतील.

आता मित्रही ओळखा. लालसर, पाठीवर काळे ठिपके, मसुराएवढा एक किडा असतो. त्याला ढालकिडा म्हणतात. तो आणि त्याची काळसर अळी मावा खातात. त्याला मारू नका. विष मारले तर चोराबरोबर राखणदारही मरतो.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा अर्क करा. पावसाळ्याच्या तोंडाला निंबोळ्या पडतात. त्या धुऊन सावलीत वाळवा. बिया फोडून आतला गर कुटा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम पूड घ्या आणि रात्रभर भिजत ठेवा. सकाळी फडक्याने गाळा. चहाचा अर्धा चमचा साबणाचा चुरा विरघळवून त्यात घाला. उन्हाने याचा गुण जातो, म्हणून उतरत्या उन्हात, पानांच्या खालूनही फवारा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. याने कीड लगेच मरत नाही. तिची भूक मंदावते, तिला नीट कात टाकता येत नाही. तेव्हा धीर धरा. भाजी धुऊनच खा.

शेतासाठी विष आणावेच लागले, तर बाटलीवरची रंगीत खूण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. पिवळी त्याहून कमी, निळी आणखी कमी, हिरवी सर्वांत कमी. पण हिरवीही विषच! बाटली कुलपात ठेवा. रिकामी बाटली तेला-पाण्याला वापरू नका.

तुम्हाला आता वाचता येते. मी चुकलो, तसे तुम्ही चुकू नका. आधी वाचा, मग हात लावा.

विचार करा आणि सांगा :
१. वांग्याचा शेंडा सुकला तर काय कराल?
२. ढालकिडा आपला मित्र का?
३. तुमच्या घरी विषाची बाटली कुठे ठेवली आहे? आज घरी जाऊन पाहा.