ईसीएम गेलाय म्हणण्याआधी

सेल्फ फिरतो, इंजिन मात्र पेट घेत नाही. स्कॅनर लावावा तर तोही गप्प. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास एक वाक्य कानावर येतं : ‘ईसीएम गेलाय, शेठ.’ म्हणजे इंजिनवर हुकूम चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबाच खराब झालाय. कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा ते तपास संपल्यावर नव्हे, तपास सुरू होण्याआधीच बोललं जातं. आणि मग तपासाचे पैसे मालकाला सुट्ट्या भागांच्या रूपाने भरावे लागतात.

माझी बीएस-४ डिझेल पिकअप नारायणगावहून वाशीला टोमॅटो नेते. उन्हाळ्यात तिचा हौदा नव्याने बांधून घेतला होता. पावसाळ्यात एका पहाटे गाडी भरून तयार, चालकाने चावी फिरवली, सेल्फ खणखणीत फिरला, पण इंजिन चालू होईना. गॅरेजवाल्याला आधी वाटलं, डिझेलमध्ये एअर धरली असेल. हँड प्रायमर मारून झाला, फिल्टर बदलून झाला. मग स्कॅनर जोडला, तर गाडीशी संपर्कच होईना. निदान ठरलं : ईसीएम जळाला. त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा डबा आणून बसवला. गाडी ढिम्म. ‘हाही खराब निघाला, दुसरा मागवतो,’ असं उत्तर मिळालं. माल दुसऱ्याच्या गाडीत चढवावा लागला, भाडं गेलं आणि डब्याचे पैसेही अडकले.

शेवटी ओळखीच्या एका जुन्या वायरमन मामांना बोलावलं. मामांनी बॉनेट उघडायच्या आधी चावी ‘ऑन’ केली आणि नुसते मीटरकडे बघत बसले. पिवळा चेक लाइट लागला नाही, हीटरचा लाइटही नाही. ‘दुसऱ्या डब्यालाही असंच होतं ना?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ‘मग डब्यात शोधू नका. डब्यापर्यंत काय पोचतंय ते बघू.’

त्यांनी ईसीएमचा कप्लर काढला, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावली आणि दुसरी कप्लरमधल्या अर्थच्या पिनेला. मीटरने चक्क बारा व्होल्ट दाखवले. ‘करंट तर बरोबर येतोय,’ गॅरेजमधला पोरगा म्हणाला. मामांनी मीटर बाजूला ठेवला, इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब दोन वायरींवर घेतला आणि त्याच दोन ठिकाणी टेकवला. बल्बची तार जेमतेम लाल झाली. काजवा बरा, इतकाच तो उजेड.

अर्थची वायर धरून मामा चेसिसपर्यंत गेले. हौदा बसवताना तिथला बोल्ट काढून पुन्हा लावला होता, तोही ताज्या रंगावर. रिंग टर्मिनलखाली रंगाचा थर होता, त्यात पावसाचं पाणी शिरून गंज धरला होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं टर्मिनल दाबून बसवलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. माझा मूळ डबा परत जोडला, चावी दिली आणि चेक लाइट लागला. अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू झाली.

मीटर आणि बल्ब यांच्यातला हा फरक प्रत्येक गाडीमालकाने लक्षात ठेवावा. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज वाचतो. एकवीस वॅटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट मागतो. जोड खराब असेल तर व्होल्टेज तिथेच खर्ची पडतं आणि बल्बला काही उरत नाही. ईसीएमलाही नुसते व्होल्ट पुरत नाहीत, करंट लागतो.

चावी फिरवल्यावर काय घडतं

जुन्या डिझेल गाड्यांत पंप पूर्ण यांत्रिक असायचा. विजेवर चालायचा तो जवळपास एकच भाग, डिझेल तोडणारा सोलेनॉइड. म्हणून उतारावरून ढकलून, मेलेल्या बॅटरीवरही गाडी पळवता यायची. कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणाऱ्या प्रणालीने, हा हिशेब बदलला. १९९७ मध्ये बॉशची ही प्रणाली अल्फा रोमियो १५६ या मोटारीतून बाजारात आली. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तसा हा डबा पिकअपपासून मोटरसायकलपर्यंत पोचला. आता इंधन केव्हा आणि किती सोडायचं, हे पंप ठरवत नाही, ईसीएम ठरवतो.

चावी ‘ऑन’ झाली की ईसीएम जागा होतो आणि मेन रिले ओढतो. त्या रिलेतून त्याला स्वतःला आणि इतर भागांना मुख्य पुरवठा मिळतो. तो चेक लाइट लावतो, इंजिनच्या पाण्याचं तापमान बघून हीटर प्लग किती वेळ तापवायचे ते ठरवतो. पेट्रोल गाडीत टाकीतला पंप एक-दोन सेकंद चालवून थांबवतो. मागच्या सीटजवळ कान दिलात तर ती गुणगुण ऐकू येते.

मग सेल्फ. साध्या चावीच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फची वायरिंग चावी, रिले आणि सोलेनॉइड अशी स्वतंत्र जाते. म्हणूनच माझ्या गाडीत ईसीएम झोपलेला असूनही सेल्फ फिरत होता. बटणाच्या गाड्यांत मात्र सेल्फचा रिलेही कंट्रोल मॉड्यूलच्या हुकमावर चालतो. क्लच किंवा ब्रेक दाबल्याचा, गाडी न्यूट्रलमध्ये असल्याचा इशारा मिळाला नाही तर सेल्फ फिरणारच नाही. क्लचच्या पेडलखालचा छोटा स्विच बिघडला म्हणून लोक सेल्फ मोटर खोलून बसतात.

इंजिन फिरू लागलं की क्रँक सेन्सरचं काम सुरू होतं. पुष्कळ इंजिनांत त्याच्यासमोर साठ दात्यांच्या हिशेबाची एक चकती असते, पण त्यातले दोन दाते मुद्दाम वगळलेले असतात. एकेक दाता म्हणजे सहा अंश. ती मोकळी जागा समोरून गेली की क्रँक नेमका कुठे आहे ते ईसीएमला कळतं. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे, हे कॅम सेन्सर सांगतो. कॉमन रेल डिझेलला आणखी एक अट असते : रेलमध्ये पुरेसा दाब हवा. गाडीगणिक आकडा बदलतो, पण साधारण दोनशे बारच्या आसपास दाब चढल्याशिवाय बहुतेक ईसीएम इंजेक्टर उघडतच नाहीत. सगळं जुळलं की फवारा सुरू होतो. चार सिलिंडरचं इंजिन आठशेच्या आयडलवर फिरत असेल तर मिनिटाला सोळाशे मुख्य फवारे, आणि आवाज मऊ ठेवण्यासाठी त्याआधी सोडलेले छोटे फवारे वेगळेच.

यातला एखादा आवश्यक इशारा आला नाही तर ईसीएम इंधन सोडत नाही. तेव्हा तो बिघडलेला नसतो. त्याला जे कळलं त्यानुसार तो बरोबरच वागत असतो.

तपास कोणत्या क्रमाने करावा

पहिली तपासणी फुकटची आहे : चावी ‘ऑन’ करून दिवे बघा. चेक लाइट लागला तर ईसीएम जागा आहे, पुढे बघायचं. लागलाच नाही तर आधी फ्यूज, मेन रिले, त्याचं सॉकेट आणि अर्थ. चावीचा किंवा कुलपाचा दिवा फडफडत असेल तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही, दुसरी चावी वापरून बघा. स्कॅनर बोलत नसेल तरी लगेच डब्यावर खापर फोडू नका. सोळा पिनांच्या त्या सॉकेटमध्ये सोळाव्या पिनेवर बॅटरीचा करंट आणि चौथ्या-पाचव्या पिनेवर अर्थ असतो. त्याचा फ्यूज उडाला तरी स्कॅनर गप्पच बसतो.

दुसरी, बॅटरी. गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला लागलं तर आधी बॅटरीकडे बघा. सेल्फ कसाबसा फिरत असतो, पण तेवढ्यात ईसीएमचं व्होल्टेज इतकं खाली येतं की तो मध्येच बंद पडून पुन्हा जागा होतो.

तिसरी, इंजिनचा अर्थ. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे. हा दोष अंगावर काढू नये. सेल्फचा शेकडो अँपिअर करंट परतीची वाट शोधताना क्लचच्या केबलमधून किंवा सेन्सरच्या बारीक अर्थमधूनही जाऊ बघतो.

चौथी, सेल्फ फिरत असताना स्कॅनरवर इंजिनचा वेग वाचा. शंभर-दोनशेच्या घरात काहीतरी दिसायलाच हवं. शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सर, त्याचा कप्लर किंवा उंदराने कुरतडलेली वायर. पी-०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी-०३४० कॅमचा, पी-००८७ रेलमधल्या कमी दाबाचा. कोड सर्किटचं नाव सांगतो, कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही. पी-०३३५ आला म्हणून डोळे मिटून सेन्सर विकत घेऊ नका, आधी वायर तपासा.

पाचवी तपासणी फार थोडे लोक करतात. ईसीएम अनेक सेन्सरना पाच व्होल्टचा पुरवठा देतो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर हे पाच व्होल्ट बसतात आणि काही गाड्यांत ईसीएम पूर्ण मेल्यासारखा वागतो. उपाय सोपा आहे : चावी बंद करून सेन्सरचे कप्लर एकेक काढायचे आणि दर वेळी चावी देऊन बघायचं. ज्याचा कप्लर काढल्यावर चेक लाइट परत आला, तो गुन्हेगार.

इंधनाकडे याच्यानंतर वळा. पावसाळ्यात फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी निघतंय का बघा. मात्र जुनी सवय म्हणून इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून, इंजिन फिरवून डिझेल येतंय का ते बघू नका. चालू इंजिनात त्या पाइपमधला दाब हजार बारच्याही वर जातो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची बाब असते. इंजेक्टरच्या वायरींनाही हात नको. सोलेनॉइड झटकन उघडावा म्हणून ईसीएम तिथे बाराऐवजी साठ-सत्तर व्होल्ट सोडतो.

डबा खरंच जातो तेव्हा

ईसीएम अमर नाही. पुरात गाडी बुडाली, डब्यात पाणी शिरलं, उलट्या टोकांनी जंप स्टार्ट दिला, चालू इंजिनात बॅटरीची केबल काढली, तर तो जाऊ शकतो. हौद्याला किंवा चेसिसला वेल्डिंग करणार असाल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि ईसीएमचा कप्लर समोर उभं राहून काढून घ्या. चावी बंद केल्यावर लगेच नव्हे, थोडं थांबून. ईसीएम त्यानंतरही काही वेळ जागा असतो, आपल्या नोंदी साठवत असतो. काम संपल्यावर अर्थचा प्रत्येक बोल्ट उघड्या धातूवर बसलाय याची खात्री करा. रंग नंतर, वरून.

नवा डबा बसवायची वेळ आलीच, तर तो नुसता जोडून चालत नाही. चावीचा इमोबिलायझर जुळवावा लागतो. पुष्कळ कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला कोड त्याच्या सिलिंडरसमोर भरावा लागतो, कारण एकाच साच्यातले दोन इंजेक्टरही अगदी सारखं डिझेल सोडत नाहीत आणि तो फरक ईसीएमला त्या कोडवरून कळतो. इंजेक्टर बदलतानाही हेच. भंगारातल्या डब्यात दुसऱ्याच गाडीची चावी आणि दुसऱ्याच इंजेक्टरांचे कोड असतात. तो बसवून गाडी चालू झाली नाही, यावरून तुमचा डबा खराब होता की चांगला, काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून ‘ईसीएम गेलाय’ असं कुणी म्हटलं की वाद न घालता तीन प्रश्न विचारा. डब्याच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवर बल्ब लावून बघितला का? पाच व्होल्ट मिळतात का? सेल्फ मारताना इंजिनचा वेग किती दिसला? तिन्ही उत्तरं मिळाली आणि ती बिलावर लिहून द्यायला समोरचा तयार झाला, तर नव्या डब्याचे पैसे द्यायला हरकत नाही. आणि काढलेला जुना डबा न विसरता ताब्यात घ्या. माझ्या गाडीत आज तोच चालतोय.