शाळेच्या बसचे तीन तास

वाचन : अनुवाद ६:४-९ आणि ६:२०-२५



आजचा भाग आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. संडे स्कूलमध्ये तो पाठ करून घेतात, लेकराच्या समर्पणाच्या दिवशी मंडळीत वाचतात. देव एकच आहे, त्याच्यावर मनापासून प्रीती करा, त्याच्या आज्ञा आधी स्वतःच्या अंतःकरणात ठेवा आणि मग मुलांना शिकवा, असं मोशे लोकांना सांगतो. कधी शिकवायचं, तेही तो सांगतो. चार वेळा आहेत : घरात बसलेलं असताना, वाटेवर असताना, झोपताना आणि उठताना.

यातल्या दुसऱ्या वेळेपाशी मी यंदा अडकले. कारण माझी मुलं रोज तीन तास वाटेवर असतात, आणि त्या वाटेवर मी नसते.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. शाळा गावापासून दोन किलोमीटर. आमचे आप्पा त्याच शाळेत शिक्षक होते, त्यामुळे जाताना-येताना आम्ही भावंडं त्यांच्याबरोबर. ते ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत चालायचे. मध्येच थांबून एखादी गोष्ट सांगायचे, कधी आमचं भांडण मिटवायचे. हा भाग वाचला की मला ती बाभळीची वाट दिसते. मला वाटायचं, मीही माझ्या लेकरांना असंच वाढवीन.

आता आमचं घर शारजात आहे आणि मुलांची शाळा दुबईत. आधी आम्हीही दुबईतच होतो. भाडं वाढलं, परवडेना, म्हणून इकडे आलो. मोठ्याचे मित्र, शिक्षक तिकडे होते, म्हणून शाळा तीच ठेवली. अंतर म्हणाल तर तीसेक किलोमीटर. पण या रस्त्यावरची सकाळची गर्दी इथे राहिलेल्यांना सांगायला नको. कमी भाड्यासाठी शारजात राहणारी आणि दुबईत कामाला जाणारी असंख्य माणसं एकाच वेळी एकाच दिशेने निघतात. बस ५:५० ला येते, ७:१५ ला शाळेत पोचते. दुपारी २:२० ला निघते, मुलं घरात शिरतात तेव्हा ३:५५ झालेले असतात. थंडीत धुकं पडलं की आणखी उशीर. आमचा थांबा पहिला, म्हणून आमची मुलं सगळ्यांच्या आधी चढतात आणि सगळ्यांच्या शेवटी उतरतात.

एकदा मी हिशोब केला. शाळेचे १८० दिवस धरले तरी वर्षाला ५४० तास. संडे स्कूलचे मिळून वर्षाला चाळीसेक तास होतात. म्हणजे मंडळीपेक्षा, खरं तर आईबापांपेक्षाही, ती बसच माझ्या मुलांना जास्त शिकवते आहे.

मग मी काय केलं? राहून गेलेलं सगळं संध्याकाळी भरून काढायला लागले. जेवण झालं की वचन, वचन झालं की प्रश्न, प्रश्न झाले की पाठांतर. मुलं पेंगत असायची, मी बोलत असायचे. मला वाटे, मी आज्ञा पाळते आहे.

भरून परत येणारी बाटली

गेल्या ऑक्टोबरपासून माझ्या सात वर्षांच्या लेकीची पाण्याची बाटली जशीच्या तशी परत येऊ लागली. इथल्या उकाड्यात! मी रागवले. "पाणी का पीत नाहीस गं?" ती म्हणायची, "विसरले." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी बाटली बदलली, तिच्या आवडीच्या जांभळ्या रंगाची आणली. तीही भरलेलीच परत आली. शेवटी ताप आला, पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झालाय, पाणी कमी पडतंय. मी दवाखान्यातच तिला म्हटलं, "बघ, सांगत होते ना!"

त्याच आठवड्यात माझा घसा बसला. आवाजच फुटेना. त्या रात्री वचन नाही, पाठांतर नाही. मी नुसती तिच्या शेजारी पडले आणि दिवा मालवला. थोड्या वेळाने अंधारात ती आपणहून बोलली.

"मम्मी, बसमध्ये बाथरूम नसतं."

मी तिचा हात धरला. ती हळूहळू सांगत गेली. एक दिवस बस फार वेळ अडकली होती. तिला थांबता आलं नाही. स्कर्ट ओला झाला. मागची मुलं हसली, तिला नाव ठेवलं, आणि ते नाव रोज चालू राहिलं. म्हणून तिने उपाय शोधला : दिवसभर पाणीच प्यायचं नाही.

दोन महिने माझं लेकरू तहानेलं राहत होतं, आणि मी रोज संध्याकाळी त्याला जिवंत पाण्याविषयी शिकवत होते.

इथले नियम मुलांना जपतात, त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. शाळेची पिवळी बस थांबून लाल पाटी बाहेर काढते, तेव्हा मागच्या-पुढच्या गाड्यांना थांबावंच लागतं. न थांबणाऱ्याला १००० दिरहम दंड आणि १० ब्लॅक पॉइंट. बसमध्ये मदतनीस बाई असतात, त्या मुलांना हाताला धरून उतरवतात. लेकराचं शरीर दारापर्यंत सुखरूप येतं. पण त्याच्या मनात काय घेऊन ते उतरलं, हे थांबून बघण्याचं काम कोणत्या नियमाचं नाही. ते माझं होतं.

शास्त्रभाग पुन्हा वाचताना

त्या रात्रीनंतर मी हा भाग परत वाचायला घेतला. चार गोष्टी दिसल्या.

पहिली. या भागाची सुरुवात शिकवण्याने होत नाही, ऐकण्याने होते. यहुदी लोक या वचनाला 'शेमा' म्हणतात, म्हणजेच 'ऐक'. आधी ऐकायचं, मग अंतःकरणात ठेवायचं, आणि त्यानंतर मुलांशी बोलायचं. मी पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर चढले होते. देवाचं ऐकायची सवय ज्याला असते, त्याला लेकराचंही ऐकू येतं. माझा आवाज बसला तेव्हा कुठे मला ऐकू आलं.

दुसरी. शिकवण्यासाठी इथे जो इब्री शब्द आहे, त्याचा संबंध धार लावण्याशी आहे. आपल्याकडे गल्लीत धारवाला यायचा, आठवतं? विळी दगडावर एकदा जोरात आपटली तर धार लागत नाही, पातं तुटतं. हलक्या हाताने, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मी दिवसभराचं राहिलेलं रात्री एका दमात उरकत होते. पेंगणाऱ्या मुलाला एक तास देण्यापेक्षा जाग्या मुलाला तीन मिनिटं दिलेली बरी.

तिसरी गोष्ट मला फार धीर देऊन गेली. मोशे हे कोणाशी बोलतोय? मवाबच्या प्रदेशात, यार्देनेच्या अलीकडे उभ्या असलेल्या लोकांशी. मिसर देशातून निघालेली वीस वर्षांवरची पिढी, कालेब आणि यहोशवा सोडले तर, वाटेतच संपणार असं देवाने सांगितलं होतं. ते गणना १४ मध्ये आहे. म्हणजे समोर ऐकत होते ते बहुतेक सगळे लहानपणी प्रवासात असलेले, नाहीतर प्रवासातच जन्मलेले. त्यांचं अख्खं बालपण वाटेवर गेलं होतं. आणि त्या वाटेबद्दल मोशे अनुवाद १:३१ मध्ये काय म्हणतो? बाप आपल्या मुलाला उचलून नेतो तसं देवाने तुम्हाला आणलं. तिथे आईबाप थकले, चुकले, कुरकुरले. पण उचलणारा कोणी दुसरा होता. माझी मुलं माझ्याशिवाय वाटेवर असतात, हे खरं. ती कोणाशिवायच असतात, हे मात्र खरं नाही.

पण बहिणींनो, याचा अर्थ 'देव बघून घेईल' म्हणून आपण निवांत बसावं असा नाही. चौथी गोष्ट तीच सांगते. विसाव्या वचनात मूल प्रश्न विचारतं : या आज्ञांचा अर्थ काय? आणि बापाने उत्तर म्हणून नियम वाचून दाखवायचे नाहीत. आपली हकीकत सांगायची. आपण फारोचे दास होतो, इथून सुरुवात करायची. म्हणजे स्वतःच्या हलाखीपासून.

आमच्या घरी काय झालं

लेकीने सगळं सांगितलं तेव्हा मी विचारलं, "दादाला माहीत आहे?" ती म्हणाली, "तो मागेच बसला होता."

मोठा बारा वर्षांचा आहे. विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मी ऐकलं होतं. पण मी काही बोललो असतो तर मलापण हसले असते."

माझ्या तोंडावर काईन आणि हाबेलची गोष्ट आली होती. माझ्या यजमानांनी मला खुणेनेच थांबवलं. ते मुलाजवळ बसले आणि आपल्या आखातातल्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली, जी मीही कधी ऐकली नव्हती. एका खोलीत आठ जण राहायचे. त्यातल्या एकाला नीट हिंदी येत नसे, त्याची रोज टिंगल व्हायची. "मी पण हसायचो," ते म्हणाले. "मला वाईट वाटायचं, तरी हसायचो. एक दिवस तो खोली सोडून गेला. आज इतक्या वर्षांनी मला त्याची माफी मागायची आहे आणि तो कुठे आहे ते माहीत नाही. तुझी बहीण अजून त्याच बसमध्ये आहे."

एवढंच. वर काही उपदेश नाही. मुलगा काही बोलला नाही, उठून आत गेला.

आम्ही बसच्या मदतनीस बाईंशी बोललो. त्या केरळच्या, मोडक्या हिंदीत बोलतात, पण मायाळू. त्यांनी लेकीला आपल्यामागच्या सीटवर बसवलं. डॉक्टरांना विचारून पाण्याच्या वेळा ठरवल्या. पाणी शाळेत भरपूर प्यायचं, आणि शेवटची घंटा झाली की बसकडे जाण्याआधी बाथरूमला जायचंच. शिवाय दप्तरात एक जादा स्कर्ट, न लाजता. आठवड्याभराने त्या बाई मला थांब्यावर म्हणाल्या, "भैया अब आगे बैठता है, बहन के पास." मुलाने आम्हाला ते सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. बस अजून तीन तासच घेते. ते नाव अजून कधीकधी कानावर येतं. एप्रिलमध्ये नवीन वर्ष सुरू होईल, त्याआधी शाळा बदलायची की घर, की भारतात परतायचं, हे आम्हाला ठरवायचं आहे. मुलांच्या भल्यासाठी आपण परदेशात आलो, असं आपण म्हणतो. त्या भल्याची किंमत घरात कोण चुकती करतंय, हेही प्रभूसमोर बसून बघायला हवं. आम्ही बघतो आहोत.

आजसाठी

तुमची मुलं बसने, व्हॅनने किंवा लोकलने लांब जात असतील, तर या आठवड्यात एवढं करून पाहा.

उठताना : पाच मिनिटं आधी उठवा. पण ती घाई करण्यात घालवू नका, जवळ घ्या. दारातून निघताना डोक्यावर हात ठेवून एका वाक्याची प्रार्थना करा. याच भागात दाराच्या चौकटीचा उल्लेख आहे. आमच्या घरी ती प्रार्थना चौकटीतच होते.

घरी आल्यावर : पहिली पंधरा मिनिटं अभ्यास, मार्क, डबा यांबद्दल काही विचारू नका. खायला द्या आणि शेजारी बसा.

झोपताना : दिवा मालवा आणि गप्प राहा. "आज बसमध्ये तुझ्या शेजारी कोण होतं?" एवढा एकच प्रश्न पुरतो.

आणि मुलाने काही सांगितलं, तर लगेच वचन काढू नका. आधी पूर्ण ऐका. मग, असेल तर, स्वतःची एखादी खरी गोष्ट सांगा.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमची लेकरं पहाटे अंधारात घर सोडतात, त्यांच्याबरोबर तू चढतोस म्हणून तुझे आभार. जिथे आमचा हात पोचत नाही तिथे तू त्यांना उचलून घे. त्यांचं न बोललेलं ऐकायला आम्हाला कान दे, आणि आमची बडबड थांबव. जी मुलं आज कोणत्यातरी बसमध्ये एकटी, घाबरलेली, तहानेली आहेत, त्यांच्या शेजारी बसायला कोणाला तरी उठव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.