थंडी पडू दे, मग कंद लाव

पुणे, ५ ऑक्टोबर

चि. मुक्ता,


रॅनन्क्युलसचे कंद आणलेस हे वाचून फार आनंद झाला. दिवाळीत फुलं यावीत म्हणून येत्या रविवारीच लावणार असं लिहिलं आहेस, तेवढं मात्र करू नकोस. पिशवी कोरड्या, हवेशीर जागी ठेवून दे. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या कुंडीत हे कंद रुजण्याऐवजी कुजतात. रुजले तरी दिवाळी साधणार नाही, कारण लावल्यापासून फूल यायला साधारण ९० दिवस लागतात.

या झाडाचं वर्ष आपल्या वर्षाच्या उलट चालतं. एवढं एकदा नीट समजून घेतलंस की बाकीची निगा आपोआप समजेल. त्याचं मूळ घर भूमध्य समुद्राच्या पूर्वेला, क्रीट, तुर्कस्तान, सीरिया, इस्रायल या बाजूला. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पहिल्या पावसाला कंद जागा होतो, थंडीभर पानं वाढवतो, वसंतात फुलतो आणि ऊन चढलं की वरचा सगळा पाला सोडून देऊन मातीत झोपी जातो. इस्रायलच्या माळांवर त्याची रानटी जात अजून फुलते. मोजक्याच पाकळ्यांचं लालभडक फूल, आणि त्यावर परागीभवनाला येतात ते मुख्यतः भुंगेरे. तुला भुरळ पडली ती पाकळ्यांची दाट वीण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली आहे. पण झाडाच्या अंगातलं ऋतुचक्र त्या निवडीने बदललं नाही.

आपला पाऊस नेमका त्याच्या झोपेच्या महिन्यांत येतो. त्यामुळे पावसाळ्यात हा कंद आपल्या मातीत टिकत नाही. आपण त्याला देऊ शकतो ते फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही तू नाशिकला आहेस हे फार चांगलं. तुमच्या जिल्ह्यातल्या निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागायतदारांच्या पोटात गोळा येतो, मणी तडकू नयेत म्हणून ते बागेत शेकोट्या पेटवतात. तीच थंडी तुझ्या कुंड्यांना हवी आहे. मुंबईच्या दमट हवेत राहत असतीस, तर मी तुला या फुलाच्या नादी लागूच दिलं नसतं.

दिवाळी झाली, रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की कंद बाहेर काढ. शतावरी उपटल्यावर मुळ्यांचा झुबका निघतो ना, तसाच हा दिसतो, फक्त वाळलेला आणि बोटाच्या पेराएवढा. साध्या पाण्यात तीन-चार तास भिजव, मध्ये एकदा पाणी बदल. तो टम्म फुगेल. रात्रभर पाण्यात ठेवू नकोस, हवा न मिळाल्याने तो आतून सडतो. मग ओलसर पण पाणी न सुटणाऱ्या कोकोपीटमध्ये घालून, डब्याचं झाकण किलकिलं ठेवून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात दहा-बारा दिवस ठेव. पांढरी मुळं फुटलेली दिसली की लावायचे. ज्याला बुरशी आली असेल तो लगेच बाजूला काढ. ही पायरी खटपटीची वाटेल, पण आपल्याकडे थंडीचे दिवस इतके थोडे की रुजण्यातला वेळ असा आधीच भरून काढलेला बरा.

कुंडी दहा इंची घे आणि तीत तीनच कंद लाव. मुळ्यांची टोकं खाली, केसाळ डोकं वर, वर दोन इंच माती. तुमच्याकडची काळी माती यासाठी वापरू नकोस, ती पाणी धरून बसते. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत, कोकोपीट आणि जाडसर वाळू मिसळ, आणि खालचं भोक खापरीने झाकायला विसरू नकोस.

आता पाण्याचं. हे दोनदा वाच. लावल्यावर एकदा पोटभर पाणी दे आणि कोवळं पान वर येईपर्यंत जवळजवळ हात आवरता घे. कुंडीत हिरवं काही दिसत नाही म्हणून रोज पेला ओतावासा वाटतो, आणि बहुतेक कंद तिथेच मरतात. बोट खुपसून पाहा, आत ओल असेल तर पाणी नको. पानं भरली की वरची इंचभर माती सुकल्यावर सकाळी बुंध्याशी पाणी घाल. पानं भिजवू नकोस, बुरशी धरते. भुरीवरही नजर ठेव. भुरी म्हणजे काय हे नाशिकमध्ये कुणीही सांगेल, द्राक्षाला गंधक मारतात ते हिच्यासाठीच. कोवळ्या दांड्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढ, नाही गेला तर निंबोळी तेल.

थंडीतही नाशिकची दुपार या झाडाला जड जाते. पंधरा-वीस अंशांत ते खूष असतं, पंचविसाच्या वर बरेच दिवस गेले की आवरतं घेऊ लागतं. म्हणून कुंड्या सकाळचं ऊन मिळेल अशा ठेव आणि दुपारी भिंतीच्या सावलीत येऊ देत.

तू पाठवलेल्या फोटोतलं शेत कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबादचं. तिथे ल्यूथर गेज यांनी १९२० च्या दशकात ही लागवड सुरू केली, पुढे एडविन फ्रेझी यांनी ती वाढवली. आज जवळपास ५० एकरांवर मार्च ते मे बहर असतो. पॅसिफिकवरून येणारा गारवा वसंत लांबवतो, म्हणून हे जमतं. तुझ्या बाल्कनीत तीन-चार आठवडे फुलं टिकली तर मी ती उत्तम लागवड समजेन.

कळीने रंग धरला, पण चिमटीत दाबल्यावर ती मऊ लागते, तेव्हा फूल काप. फुलदाणीत आठवडाभर सहज राहतं, आणि कापत राहिलीस तर नवे दांडे येतात. कापल्यावर हात धू, चिकामुळे कातडीची आग होऊ शकते. तुझ्या मनीला कुंडीपासून लांब ठेव, हे झाड मांजरांना विषारी आहे.

मार्चमध्ये पानं पिवळी पडतील. ते दुखणं नव्हे. पाणी तोड, पाला पूर्ण वाळू दे, मग कंद काढून कागदी पिशवीत कोरडे ठेव. आपल्याकडे ऊन लवकर चढतं, कंद भरायला फुरसत मिळत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी काही उगवतील, काही नाही. थोडे नवे विकत घ्यायची तयारी असू दे.

सध्या एवढंच कर. बाल्कनीत साधा थर्मामीटर टांग आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातले पहाटेचे आणि दुपारी तीनचे आकडे मला कळव. ते पाहून कंद भिजवायची तारीख ठरवू.

तुझी,
आत्या